दीडपट वेगाने नास्तिक

नास्तिक व्हायला पूर्वी फार कष्ट पडायचे. ग्रंथ मिळवा, ते वाचा, समासात खुणा करा, घरच्यांची बोलणी खा, आणि एवढं करूनही रात्री-अपरात्री धाकधूक ती राहायचीच. आता तसं काही उरलेलं नाही. कानातल्या ब्लूटूथवर ऑडिओबुक आणि सकाळी आपल्या सोलापूरच्या कंबर तलावाच्या फेऱ्या, एवढ्या भांडवलावर देव निकालात काढता येतो. वजन कमी झालं तर तो वरचा फायदा.

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिला मान आहे. तुम्ही नास्तिक होणार असलात तरी त्या क्रमात ढवळाढवळ करू नका. डोळ्याने वाचताना माणूस मध्येच थांबतो, मागचं पान उलटतो, 'हे कशावरून?' असं म्हणून तळटीप शोधतो. कानाला ही खोड नाही. आवाज पुढे गेला की कान मुकाट्याने त्याच्या मागे जातो. म्हणून पहिली काळजी ही घ्या, की वेग दीडपटीच्या खाली येता कामा नये. सावकाश ऐकलं की वाक्य आणि वाक्य यांच्यामधल्या फटी दिसायला लागतात, आणि त्यातूनच शंका आत शिरते.

पुस्तक निवडताना विषय बघू नका, तास बघा. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचं, देव हा भ्रम आहे असं सांगणारं 2006 सालचं 'द गॉड डिल्यूजन' जवळपास 14 तासांचं आहे. ते स्वतः डॉकिन्स आणि अभिनेत्री लॅला वॉर्ड आळीपाळीने वाचतात. भारदस्त ब्रिटिश उच्चार, शब्द कसा तोलून टाकलेला. अशा आवाजात रेल्वेचं वेळापत्रक वाचलं तरी पटेल. ते पूर्ण झालं की 'मी डॉकिन्स वाचलाय' असं सांगायला हरकत नाही. 'ऐकलाय' म्हणू नका, वजन पडत नाही. ते परवडत नसेल तर तसाच नास्तिक लेखक ख्रिस्तोफर हिचेन्सही स्वतःच्याच आवाजात मिळतो. त्याच्या आवाजातली तुच्छता चांगली लक्षपूर्वक ऐका. युक्तिवाद पाठ नाही झाले तरी तो सूर उचलता आला पाहिजे, घरात उपयोगी पडतो.

स्लीप टायमर जरूर लावा. ज्या प्रकरणात झोप लागली ते प्रकरण पटलं असं धरून चालावं.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, आणि ती म्हणजे भगतसिंगांचा 'मी नास्तिक का आहे?' हा लेख. 1930 साली लाहोरच्या तुरुंगात लिहिलेला, 1931 च्या सप्टेंबरात, म्हणजे ते फासावर गेल्यानंतर छापला गेलेला. लेख छोटा आहे, तलावाच्या दोन-चार फेऱ्यांत संपतो, तेव्हा चारचौघांत मिरवायला तसा निरुपयोगीच. पण खरी भानगड वेगळी आहे. माझी नास्तिकता अहंकारातून तर आली नाही ना, या प्रश्नापासूनच तो माणूस सुरुवात करतो. फाशीच्या सावलीत बसून स्वतःची उलटतपासणी घेतो! वर पुन्हा अभ्यास करा म्हणतो. आपल्याला हा प्रश्न चार पुतळ्यापाशी सिग्नलला उभं असताना कोणी विचारला तर काय सांगणार? त्या पुतळ्यांतले चौघं हुतात्मेही त्याच काळातले, जानेवारी 1931 मध्ये फासावर गेलेले. तेव्हा तो भाग दीडपट काय, दुप्पट वेगाने पुढे ढकला.

आता तयार झालेली नास्तिकता वापरायची कुठे? आपल्या गावात त्याला तोटा नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, तिच्यात त्यांचं प्रतीकात्मक लग्न लागतं. घरात आत्या ताटलीत अक्षता घेऊन, नवी साडी नेसून निघालेली असते. नेमकं तिला उंबऱ्यात गाठा आणि सांगा, की विश्व 13.8 अब्ज वर्षांचं आहे, त्यात तुझ्या चार तांदळांनी काय फरक पडतो. आत्या म्हणेल, "बरं, ऱ्हाऊ दे ते. गाडी काढ की, रिक्षावाले तिकडं येईनात." यावर डॉकिन्स यांनी काही दिलेलं नाही, तेव्हा गाडी काढा. संमती कट्ट्याजवळ पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी, सात नंदीध्वज, लोकांच्या माना वर. मंगलाष्टका सुरू झाल्या की शेजारचा कोणीतरी अनोळखी माणूस तुमच्या मुठीत तांदूळ कोंबतो. ते टाका. टाकले नाहीत तर खिशात राहतील, आणि धुण्याच्या मशीनमध्ये तांदूळ का निघाले याचं स्पष्टीकरण घरी द्यावं लागेल. नंतर कोणी बघितलं म्हणालंच, तर 'सांस्कृतिक वारसा' असा शब्द आहे. तो जवळ ठेवा.

ग्रहणाचा दिवसही सोडू नका. ग्रहण लागलं की चहा-बिस्किटाचा फोटो स्टेटसला. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन आपल्याच जिल्ह्यात, करमाळ्याच्या जेऊरला येऊन बसले होते. सूर्याच्या किरीटाच्या, म्हणजे खग्रासात दिसणाऱ्या प्रभामंडळाच्या, नोंदी घेऊन गेले, अहवाल छापला. बिस्किटाचं कुठे काही नाही त्यात. तुम्ही त्यांच्यापुढे गेलात म्हणायचं.

एवढं झालं की ॲप स्वतःहूनच तुमची प्रगती ओळखतं. 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत ते पुढचं दार उघडून देतं, आणि त्या दाराआड माणूस चंद्रावर गेलाच नाही असं सांगणारे लोक बसलेले असतात. घाबरू नका. तोच विभाग, तसंच गडद मुखपृष्ठ, तोच 'तुमच्यापासून काय लपवलं गेलं' हा घोगरा सूर. देव नाही हे ज्या कानाने ऐकलं त्याच कानाने हेही ऐका. कानाला नवं काही शिकावं लागत नाही.

चंद्राच्या बाबतीत ऑडिओबुकाची जी सोय आहे ती छापील पुस्तकाला कधीच जमणार नाही. वाचणारा म्हणतो, 'सोबतच्या पीडीएफमधलं चित्र पाहा, झेंडा कसा फडकतोय.' ती पीडीएफ उघडायची नाही, इथेच सगळी मेख आहे. उघडली, जरा मोठी करून बघितली, की झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी दिसते. हवा नसताना झेंडा पसरलेला दिसावा म्हणून मुद्दामच घातलेली. मग पुढच्या चार तासांचा विरस. कोणी म्हणालंच, की 1969 साली अपोलो 11 जिथं उतरलं ती जागा चांद्रयान-2 च्या कॅमेऱ्याने टिपली आहे, तर चेहरा गंभीर करायचा आणि फक्त एवढंच म्हणायचं, "म्हणजे इस्रोसुद्धा?" पुरावा जितका मोठा तितका कट मोठा. हे गणित एकदा बसलं की तुम्हाला कोणी हरवू शकत नाही. देवभक्तसुद्धा कधीमधी देवावर रुसतो, चार दिवस देवळात जात नाही. कटाच्या भक्ताला रुसायचीही गरज पडत नाही.

आणि अमेरिकेपर्यंत जायचं तरी कशाला? आपल्या डोक्यावरचं आभाळ काय कमी आहे? 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सोलापूरच्या आकाशात विमानं फिरवून ढगांवर प्रयोग केला. आपण पर्जन्यछायेतले, म्हणून आपली निवड. झालं! तेव्हापासून टपरीवर बसलेल्या कोणालाही विचारा.

"का बे, आमच्या शिवारातलं ढग पळवलं म्हणं विमानानं?"

"पळवलं म्हंजे? डोळ्यानं बघितलंय मी. इमान आलं, ढग गेलं."

अशा वेळी कानात काही ऐकू येत असेल तर बंद करा आणि मान डोलवा. चुकूनही खरा प्रयोग समजावून सांगू नका, कारण तो भलताच नीरस आहे. ढग आधी असावा लागतो, विमान नवा ढग बनवत नाही. ढगाच्या बुडाशी कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या जाळायच्या, त्या बारीक कणांवर पाणी जमून थेंब मोठे होतात का बघायचं. कोणत्या ढगाला धूर द्यायचा आणि कोणता तसाच सोडायचा हे माणसाने आवडीनिवडीने ठरवायचं नाही, यदृच्छेने ठरवायचं, म्हणजे शास्त्रज्ञाला चांगले चांगले ढग निवडून फुशारकी मारता येणार नाही. असे 276 ढग. खाली रडार आणि पर्जन्यमापकं लावून हिशेब. शेवटी निघालं काय, तर वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी 18 टक्के जास्त पाऊस, तोही जिथं ढगच बरे असतील तिथं. दुष्काळ हटला असंही नाही, ढग पळाले असंही नाही. आता सांगा, एवढ्या राबणुकीनंतर 18 टक्के! याच्यावर कोणी नऊ तासांचं ऑडिओबुक काढेल? काढलं तर कोण ऐकेल? त्यापेक्षा 'ढग पळवलं' हे दोनच शब्द आहेत, आणि त्यांत चोर आहे, साव आहे, विमान आहे.

(ढग गेलं हे खरं असतं, एवढं मी त्या टपरीवाल्याच्या बाजूने लिहून ठेवतो. पर्जन्यछायेतले ढग जातातच. ते विमान नव्हतं तेव्हाही जात होते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात माणूस आभाळाकडे जरा जास्तच संशयाने बघतो, यात त्याचं काही चुकत नाही.)

घरात लहान मुलं असतील तर 21 सप्टेंबर 1995 चा विषय मात्र काढू नका. गणपती दूध प्यायला तो दिवस. तुमच्याच घरातून वाटी-चमचा गेला होता, हे आत्याला लख्ख आठवतंय. चमच्यातलं दूध पृष्ठताणाने सोंडेवर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली उतरतं. दुधात रंग घालून हे त्याच आठवड्यात दाखवलं गेलं होतं. रंग घातलेलं दूध कुठे गेलं ते दिसलं. कानाने ते दिसलं नसतं. मूल विचारेल, "मग आपण करून बघू?" आणि तुमची सकाळची फेरी बुडेल.

अशी करून बघणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेलीत, आहेतही. नरेंद्र दाभोलकरांनी गावोगाव फिरून तेच केलं, चमत्कार करून दाखवायचे आणि मग तो कसा केला तेही दाखवायचं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. तुमची नास्तिकता इअरफोनमधून बाहेर येत नाही, तेव्हा तुम्हाला काही भीती नाही. तुम्ही बिनघोर फिरा.

राहिला शेवटचा व्यवहाराचा मुद्दा. ॲपचा पहिला महिना मोफत असतो. ते तुम्ही विसरता, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो. इथे मात्र कोणाच्याही आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. मेसेज खरा कशावरून, ते आधी बघा. बँकेत जाऊन पासबुक भरून आणा, तारीख आणि रक्कम स्वतःच्या डोळ्याने जुळवा. अटींचं ते बारीक अक्षरातलं पान चष्मा लावून, सावकाश, ओळ न ओळ वाचा. ग्राहक सेवेतली मुलगी कितीही गोड बोलली तरी तिला स्पष्ट सांगा, "मॅडम, तोंडी नको, लेखी द्या."