‘फर्स्ट कॉपी’ लिहिलं की सुटलो? एका फिरत्या मेसेजची उलटतपासणी

इन्स्टाग्रामवर बूट, घड्याळं, बॅगा विकणाऱ्यांच्या ग्रुपांत एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: पोस्टमध्ये ‘फर्स्ट कॉपी’ (म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कल) असं उघड लिहा, गिऱ्हाईकाची फसवणूक नाही म्हणजे गुन्हा नाही. लोगोत थोडा फरक ठेवा. आपण नुसते रीसेलर, माल दुसऱ्याचा. कारवाईआधी नोटीस येतेच, ती आली की पेज उडवा. आणि अगदीच अंगाशी आलं तर पन्नास हजार दंड भरून मोकळे. शेवटी एक शेपूट असतं: ‘एकदा घेतलेली वस्तू पुन्हा विकायचा हक्क प्रत्येकाला आहे.’

या सगळ्यात शेपूट तेवढं अर्धं खरं आहे. त्याकडे नंतर येऊ.

‘सांगून विकलं तर गुन्हा कसला?’

इथे दोन वेगळे गुन्हे एकाच पोत्यात भरलेत. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तिथे नाडला जातो तो गिऱ्हाईक, आणि त्याला सगळं माहीत असेल तर हा आरोप खरोखर ढिला पडतो. पण ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये नुकसान मोजलं जातं ते चिन्हाच्या मालकाचं. त्याच प्रकारच्या मालावर तेच चिन्ह असेल, तर लोकांचा गोंधळ होणारच असं कोर्टाने गृहीत धरावं, असं कलम २९ सांगतं. फौजदारी बाजूला कलम १०४ आहे. खोटं चिन्ह असलेला माल विकणं, विक्रीला मांडणं किंवा विक्रीसाठी जवळ बाळगणं, एवढं त्याला पुरतं. गिऱ्हाईक फसला की नाही हा प्रश्न त्यात नाही.

उलट ‘फर्स्ट कॉपी’ हे दोन शब्द लिहून विक्रेता स्वतःचाच बचाव कापतो. कलम १०४ मध्ये सुटकेच्या तीन वाटा आहेत. एक, सगळी वाजवी खबरदारी घेतली होती आणि माल खोटा असल्याचा संशय यायला काही कारणच नव्हतं. दोन, मागणी होताच माल कुणाकडून घेतला याची असेल नसेल ती सगळी माहिती दिली. तीन, एरवीही वागणं निर्दोष होतं. यातली एक वाट पुरते, पण ती सिद्ध करायचा भार विक्रेत्यावर. आता ही नेहमीची कॅप्शन बघा: ‘७ए क्वालिटी, ब्रँड बॉक्ससकट, रिटर्न नाही, ऑर्डरसाठी डीएम’. ‘७ए’ ही नकली मालाची प्रत सांगायची खूण, म्हणजे माल नकली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, पहिली वाट बंद. ‘ब्रँड बॉक्ससकट’ म्हणजे बुटाबरोबर खोक्यावरच्या चित्रकामाचीही नक्कल, म्हणजे कॉपीराइटचा वेगळा मुद्दा. ‘डीएम’ म्हणजे भाव, पत्ता, यूपीआय आयडी असं सगळं लेखी संभाषण, तेही तुमच्याच हातचं. विरुद्ध बाजूच्या वकिलाला यापेक्षा सोयीचं काही लागत नाही.

‘मी रीसेलर’ आणि ‘लोगो थोडा वेगळा’

‘विक्रीला मांडणं’ हे शब्द कायद्यातच आहेत, त्यामुळे माल घरात नसला, ड्रॉपशिपिंगने परस्पर जात असला, तरी पोस्ट टाकणारा मोकळा राहत नाही. रीसेलरला खरा उपयोग दुसऱ्या वाटेचा, पण त्यासाठी पुरवठादाराचं नाव, बिल, जीएसटी क्रमांक, बँकेची नोंद असं काहीतरी हाताशी लागतं. ‘भाई, मनीष मार्केट’ या नावाने सेव्ह केलेला नंबर दाखवून फार पुढे जाता येत नाही.

लोगोचं उत्तर थोडक्यात आहे. कायदा ‘तेच’ चिन्ह धरतो तसंच फसवं साम्य असलेलंही धरतो. स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलणं, तीन पट्ट्यांच्या चार करणं हे जुने खेळ आहेत. आणि फोटोत लोगोवर धूसर ठिपका मारून प्रत्यक्षात लोगोसकट माल पाठवणं हे तर सरळसरळ लपवाछपवीचा पुरावा.

‘आधी नोटीस येते, मग पेज उडवायचं’

यावरच सगळ्यात जास्त लोक आपटतात.

नोटीस पाठवलीच पाहिजे असं बंधन ब्रँडवर नाही. बऱ्याचदा क्रम असा असतो. ब्रँडचा तपासनीस साधा गिऱ्हाईक बनून एक-दोन नग मागवतो. पोस्टचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट लिंक व तारखेसह निघतात, यूपीआयची पावती ठेवली जाते, पार्सलवरचं लेबल, कुरिअरचा क्रमांक, परतीचा पत्ता यांचे फोटो होतात. पाकीट उघडतानाही फोटो निघतात, मग ब्रँडचा माणूस शिलाई, टॅग, अनुक्रमांक तपासून माल नकली असल्याचं प्रतिज्ञापत्र देतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलं जातं. हे सगळं जमल्यावर मामला कोर्टात जातो, आणि तोवर तुम्हाला खबरही नसते. आता पेज उडवून काय पुसणार? बँक, कुरिअर, प्लॅटफॉर्म या तिघांकडच्या नोंदी तुमच्या हातात नाहीत. शिवाय कारवाईची कुणकुण लागल्यावर मुद्दाम पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दिवाणी कोर्टात ‘नोटीस दिली तर माल रातोरात हलेल’ असं कारण नोंदवून एकतर्फी, म्हणजे तुम्हाला न ऐकताच, मनाई मिळते. मुंबईत उच्च न्यायालय कोर्ट रिसीव्हर नेमतं, दिल्लीत लोकल कमिशनर. ते ब्रँडच्या वकिलासह दारात येतात. आदेशात तशी मुभा असेल तर पोलिसांची मदत घेतात, कुलूप तोडतात. नग मोजून यादी होते, माल सील होतो आणि बहुतेकदा हमीपत्र लिहून घेऊन तुमच्याच ताब्यात ठेवला जातो. त्या सीलला हात लावणं म्हणजे कोर्टाचा अवमान.

फौजदारी बाजूला एक अडसर आहे, तो मेसेजवाल्यांना बहुधा माहीतच नाही. ट्रेडमार्कच्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर अधिकारी उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा, म्हणजे मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयात सहायक आयुक्त, असावा लागतो आणि झडतीआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं (कलम ११५). ते घेतलं नसेल तर बचावाचा मुद्दा जरूर निघतो. पण म्हणूनच तक्रार अनेकदा कॉपीराइट कायद्याखाली देतात, कारण लोगो हे कलाकृती म्हणूनही धरता येतं आणि तिथे जप्तीला फौजदारही चालतो. त्या कायद्याच्या कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो पोलीस ठाण्यात हक्काने मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्याने पोलीस अनेकदा अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देतात. ती मिळाली तर टाळू नका. गैरहजेरी हेच पुढे अटकेचं कारण होतं.

‘पन्नास हजारांत सुटतो’

पन्नास हजार हा दंडाचा तळ आहे, छत नव्हे. कलम १०४ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड, दोन्ही. खास कारणं निकालपत्रात नोंदवली तरच कोर्ट याखाली उतरू शकतं. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर किमान एक वर्ष आणि किमान १ लाख. हा झाला फौजदारी हिशेब. दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई किंवा झालेल्या नफ्याचा हिशेब, दाव्याचा खर्च आणि मालाचा नाश हे निराळं. कार्टिए आणि इतर घड्याळ कंपन्यांनी नकली घड्याळं विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानावर केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एक कोटीची भरपाई लावली होती. सौंदर्यप्रसाधनं विकत असाल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदाही लागतो आणि तिथे गाठ अन्न व औषध प्रशासनाशी (एफडीए) पडते.

शेपटातलं अर्धं सत्य

ब्रँडने स्वतः किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेली अस्सल वस्तू तुम्ही रीतसर विकत घेतली, तर ती पुन्हा विकायला कलम ३० ची मोकळीक आहे. जुनं अस्सल घड्याळ खुशाल विका. परदेशातून आणलेल्या अस्सल मालालाही ही मोकळीक दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सॅमसंगच्या प्रकरणात २०१२ मध्ये मान्य केली. अट एवढीच की मालाची स्थिती बदललेली किंवा बिघडवलेली नसावी. पट्टा आणि डायल बदललेलं घड्याळ मूळ नावाने विकलं की पुन्हा अडचण.

‘एक्स्पोर्ट सरप्लस’वाले इथेच घसरतात. तिरुप्पूरच्या कारखान्यात ब्रँडच्या ऑर्डरपेक्षा पाचशे टी-शर्ट जास्त निघाले आणि ते मागच्या दाराने बाहेर पडले, तर कापड तेच, शिलाई तीच, कारखाना तोच. पण ब्रँडने ते बाजारात आणलेलेच नाहीत. कलम ३० ची छत्री त्यांच्यावर येत नाही. लॉट घेण्याआधी ब्रँडचं किंवा त्याच्या परवानाधारकाचं विक्रीला संमती देणारं पत्र मागा. नुसत्या कारखान्याच्या बिलावर भिस्त ठेवू नका.

अमेरिकेत माल पाठवणाऱ्यांसाठी एक पुरवणी. सुपरहिरोंची चित्रं छापलेले टी-शर्ट पुण्या-नाशकातून तिकडच्या गिऱ्हाइकांना विकणारेही आहेत. तिथे, विशेषतः शिकागोच्या फेडरल कोर्टात, एकाच दाव्यात ‘परिशिष्ट अ’ म्हणून शेकडो ऑनलाइन दुकानांची यादी जोडतात. पहिली खबर बहुधा खातं गोठल्याचीच असते आणि समन्स ईमेलने येतं, स्पॅममध्येही पडतं. वैधानिक भरपाई दर चिन्हामागे, दर वस्तुप्रकारामागे हजार डॉलरपासून, आणि हेतुपुरस्सर असेल तर वीस लाख डॉलरपर्यंत जाते.

मग हाती कागद आलाच तर

आधी कागद ओळखा. वकिलाची नोटीस, प्लॅटफॉर्मची तक्रार, कोर्टाचं समन्स आणि पोलिसांची नोटीस या चार वेगळ्या गोष्टी आहेत. वकिलाच्या नोटिशीतला नोंदणी क्रमांक ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात तपासा: नोंद चालू आहे का, कोणत्या वर्गात (कपडे-बूट २५, बॅगा १८, घड्याळं १४, गॉगल ९). विक्री त्याच दिवशी थांबवा, पोस्ट लपवा, पण माल जाळू-फेकू नका. नग मोजून यादी करा, खरेदीचे कागद एका जागी आणा. तपासनीस म्हणवणाऱ्याला व्हॉट्सॲपवर ‘सॉरी, पुन्हा नाही विकणार’ असं लिहू नका. ती कबुली होते.

नोटीस आली आणि दावा अजून दाखल नसेल, तर संभाव्य कोर्टात कॅव्हेट टाकता येतं. ते ९० दिवस टिकतं आणि एकतर्फी आदेशाआधी तुम्हाला ऐकावं लागतं. ब्रँड आपल्या सोयीच्या शहरात दावा लावू शकतो, म्हणून फक्त गावच्या कोर्टात कॅव्हेट टाकून भागत नाही. एकतर्फी आदेश आधीच झाला असेल तर दाव्याची प्रत, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र ब्रँडने ताबडतोब द्यायचं असतं. मिळालं नसेल तर तसं लेखी नोंदवा. व्यावसायिक दाव्यात कैफियत (लेखी उत्तर) ३० दिवसांत द्यायची, कोर्टाने मुभा दिली तर १२० व्या दिवसापर्यंत. त्यानंतर तो हक्कच संपतो.

दुकानात येऊन ‘कंपनीकडून आलोय, इथेच मिटवू’ म्हणणाऱ्याकडे ब्रँडचं अधिकारपत्र मागा. असले तोतये कमी नाहीत. अस्सल तडजोड हमीपत्र, माल सुपूर्द करणं आणि ठरलेली रक्कम अशी लेखी होते आणि दावा चालू असेल तर कोर्टात नोंदवली जाते. पण ती एफआयआरच्या आधी झाली की नंतर, याला फार महत्त्व आहे. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ (खोटं चिन्ह लावणं) आणि १०४ चे गुन्हे आपसांत मिटवण्याजोगे नाहीत. एकदा गुन्हा नोंदला की ब्रँडने मांडवली मान्य केली तरी तो आपोआप जात नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तक्रारदाराचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र तिथे जोडावं लागतं. तडजोडीच्या मसुद्यात हे प्रतिज्ञापत्र कोण, किती दिवसांत देणार, हे कलम पैसे मोजण्याआधी घालून घ्या.