दहा एफ

प्रवासाबद्दल वडिलांनी मला आयुष्यात एकच सल्ला दिला: "एसटीत चाकावरची सीट घेऊ नकोस." त्यामुळे मुंबई-गोवा विमानाची तिकिटं काढून मोबाइलवर सीटांचा नकाशा उघडला, तेव्हा मी आधी चाक शोधलं.

चाक नव्हतं, पंख होते. आणि इथे वडिलांचा सल्ला सपशेल उलटा पडतो. विमानात सर्वांत कमी धक्के पंखांपाशीच बसतात. सी-सॉच्या मधोमध बसल्यासारखं असतं ते, हेलकावे सगळे शेपटाकडच्यांना. पण पंखावर बसलं की खिडकीतून पंखच दिसतो. पत्रा बघायला पैसे कशाला मोजायचे? तो आमच्या गॅलरीतून शेजारच्यांचा दिसतोच.

प्रवास तासाभराचा. अभ्यास तीन रात्री चालला.

शेवटची रांग पहिल्याच रात्री बाद केली. तिथली पाठ मागे जात नाही आणि टॉयलेटची रांग आपल्या खांद्यावर रेलून उभी राहते. मग इमर्जन्सी एक्झिटची रांग. पाय लांब करता येतात म्हणून मन तिथेच अडकलं होतं. मात्र तिथे पंधरा वर्षांखालच्यांना बसू देत नाहीत, पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत आणि एअर होस्टेस येऊन विचारते, वेळ आली तर दार उघडाल ना?

"तुम्ही?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "काल मुरांब्याची बरणी कोणी उघडली?"

तीही रांग बाद.

तिसऱ्या रात्री भूगोलावर आलो. मुंबईहून दक्षिणेला जायचं, म्हणजे उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे सह्याद्री. उजवी खिडकी म्हणजे एफ. पंखाच्या आणि इंजिनाच्या पुढे, म्हणजे आवाजही कमी. सगळी गणितं जाऊन थांबली दहा एफवर. नकाशात ती मोकळी दिसत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

साडेतीनशे रुपये भरले. शेजारच्या दहा ई वर बोट ठेवलं, तर त्याचेही वेगळे पैसे.

"एका तासासाठी?" बायको म्हणाली. "अहो, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तासभर लांब बसले तर काय बिघडतंय? मला काउंटरवर देतील ती चालेल."

या बाईला प्रवासाचं शास्त्र कधी कळलंच नाही, असं मनाशी म्हणत मी वेब चेक-इन उरकलं.

विमानात शिरलो. मधल्या आणि कडेच्या माणसाला उठवून, "सॉरी, माझी विंडो आहे," असं जरा मोठ्यानेच म्हणत आत सरकलो. पट्टा बांधला आणि उजवीकडे पाहिलं.

भिंत होती.

फिक्या करड्या रंगाची, स्वच्छ, सलग भिंत. पुढच्याची खिडकी पुढे, मागच्याची मागे. मधे मी. हात लावून पाहिला, न जाणो शटर असेल. शेजारचा सहानुभूतीने बघत होता.

घरी येऊन वाचलं, तेव्हा कळलं: काही विमानांत एसीची हवा खालून छतापर्यंत नेणारी नळी नेमकी पंखाच्या पुढे, भिंतीच्या आतून जाते. तेवढ्या जागेत खिडकी नसते, पण सीटचं नाव विंडोच. अमेरिकेत तर 2025 साली अशा भिंतीवाल्या खिडक्यांवरून प्रवासी कोर्टात गेले. मी गेलो नाही. साडेतीनशे रुपयांसाठी वकील शोधायचा, तर त्याला भेटायला रिक्षालाच तेवढे जातील.

विमान उडालं. मागच्या रांगेतलं पोरगं ओरडलं, "बाबा, होडी!" मग "दोन होड्या!" मग "बाबा, समुद्र चमकतोय!" आकाशवाणीवरची क्रिकेट कॉमेंट्री ऐकावी तसा मी अरबी समुद्र ऐकत होतो.

शेवटी पट्ट्याचा दिवा विझला, तसा उठलो. पाय मोकळे करायचे म्हणून मागे चालत गेलो. काउंटरवाल्यांनी बायकोला फुकटात चोवीस एफ दिली होती. अख्खी खिडकी, पंख बराच पुढे राहिलेला, बाहेर चार वाजताचं ऊन आणि खाली समुद्र असणार.

असणार म्हणतो, कारण शटर पूर्ण खाली ओढलेलं होतं आणि तोंडावर ओढणी घेऊन ती गाढ झोपली होती.

मोप्याला उतरल्यावर, बॅगांच्या पट्ट्यापाशी उभं असताना ती म्हणाली, "येताना दुसऱ्या बाजूची घ्या हो. इकडे डोळ्यांवर काय ऊन येतं!"