अमर व्हायचं नसेल तर कोझेलुखचा क्लास लावा

मोझार्ट व्हायचं खूळ आधी डोक्यातून काढा बघू. ३५व्या वर्षी मरायचं, मागे उधाऱ्या ठेवायच्या, कोणी सांगितलंय? तुम्ही त्याच्याच काळातला संगीतकार लिओपोल्ड कोझेलुख व्हा. कोण हा म्हणताय? बघा, म्हणजे जमलं की त्याला!

जन्म १७४७, बोहेमियातलं (आजच्या चेक प्रजासत्ताकातलं) वेलवारी गाव. खरं नाव यान आंतोनिन, पण अगदी ह्याच नावाचा चुलतभाऊ आधीच संगीतात, वर हा शिकलाही त्याच्याचकडे, मग काय, नावच बदलून टाकलं, विषय संपला. प्रागमध्ये कायदा शिकत होता, १७७१ ला ह्याने संगीत दिलेला एक बॅले (नृत्यनाट्य) चालला आणि वकिलीचा नाद सोडला. हे मात्र तुम्ही करू नका, निदान घरी सांगून तरी करू नका.

१७७८ ला व्हिएन्ना गाठलं आणि पियानोच्या ट्यूशन धरल्या. आता ट्यूशन म्हणजे वरच्या मजल्यावरचा बंटी नाही, थेट राजघराण्यात होऊ घातलेली सून, प्रिन्सेस एलिझाबेथ. मग १७८५ च्या सुमारास स्वतःची प्रकाशन कंपनी. शिकवणारे आपण, सोनाटा (पियानोवर वाजवायच्या रचना) लिहिणारे आपण, छापून विकणारेही आपणच, आपल्याकडचे क्लासवाले सर स्वतःच्याच नोट्स विकतात ना, सेम. शिवाय सोनाटा असा लिहायचा की शिष्येची बोटं अडकायला नकोत, अडकली की फी अडकते.

नोकरीही नीट बघून घ्यायची हं. १७८१ ला मोझार्ट साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या (तिथल्या बड्या धर्मगुरूच्या) नोकरीतून भांडून बाहेर पडला, ती जागा ह्याला देऊ केली तर हा म्हणे, अशा माणसाला जे जाऊ देतात ते माझं काय करतील! (हे खुद्द मोझार्टने वडिलांना लिहिलंय.) नकार देऊन व्हिएन्नातच थांबला. १७९२ ला सम्राटाच्या दरबारात मोझार्ट गेल्यामुळे मोकळी झालेली जागा मिळाली, मोझार्टला वर्षाला ८०० गुल्डन (तिथलं तेव्हाचं चलन) होते, ह्याला १५००. आणि १८१८ ला मरेपर्यंत कोणी हलवला नाही.

बीथोव्हेनने एका पत्रात ह्याला 'मिझेराबिलिस' म्हणून ठेवलंय, म्हणजे दीनवाणा, बिचारा. दोघंही एडिनबरोच्या एकाच प्रकाशकासाठी स्कॉटिश गाण्यांना साथ लिहून पैसे घेत होते, ते सोडा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बीथोव्हेनला कुठे व्हिएन्नाच्या दरबारात नोकरी होती.