गुरांच्या औषधाची बाटली आणि घरातले कुत्रे-मांजर: एका संदेशाला उत्तर

पाळीव प्राणी असलेल्या लोकांच्या फोनवर पावसाळ्याच्या सुमारास एक संदेश हमखास येऊन पडतो. त्याचा आशय असा: पिसवा आणि गोचिडांसाठी पशुवैद्य जी महागडी गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब लिहून देतात, तेच औषध गुरांच्या औषधांच्या दुकानात किंवा कृषी सेवा केंद्रात अगदी थोड्या पैशांत मिळते. फरक फक्त खोक्याचा आहे. चिठ्ठी ही तपासणी शुल्क वसूल करण्याची युक्ती आहे. आयव्हरमेक्टिन या गुरांच्या जंतांवरच्या औषधाचे एक मिली इंजेक्शन दिले की काम होते, कुत्र्याला चालते ते मांजरालाही चालते, आणि औषध घालून आठवड्यात पिसवा परत दिसल्या तर डॉक्टरांनी फसवले असे समजावे.

या संदेशामागची चिडचिड मी समजू शकतो. तीस किलोच्या कुत्र्याला दर महिन्याला गोळी द्यायची, घरात दुसरे जनावर असेल तर त्याचाही खर्च, वर तपासणीचे पैसे, हे सारे साध्या पगारावर चालणाऱ्या घराला जड जाते. एका दवाखान्यात माझ्या कुत्रीसाठी कागदाच्या पुडीत नाव नसलेल्या गोळ्या मिळाल्या आणि बिलावर फक्त ‘औषधे’ एवढाच शब्द होता, तेव्हा मलाही राग आला होता. म्हणूनच खर्च खोटा आहे असे मी म्हणणार नाही. संदेशात सुचवलेली बचत मात्र खोटी आहे, आणि तिच्यात जनावरे मरतात, म्हणून एकेक विधान तपासणे भाग आहे.

‘औषध एकच, फरक खोक्याचा’ या पहिल्या विधानात अर्धे सत्य आहे, आणि त्यामुळेच ते पटते. फिप्रोनिल हा घटक कुत्र्याच्या मानेवरच्या थेंबांत असतो आणि भात-उसावरच्या कीटकनाशकातही असतो. शेतीसाठीचे द्रावण बहुधा 5 टक्क्यांचे, तर मानेवरचे थेंब जवळपास 10 टक्क्यांचे असतात, म्हणजे कागदावर पाहिले तर जनावराचेच औषध अधिक तीव्र. परंतु थेंबांचे प्रमाण वजनानुसार मोजून नळीत भरलेले असते आणि ज्या द्रवात ते विरघळवलेले असते तो त्वचेवरच्या तेलातून पसरावा, तेलग्रंथींत साठून हळूहळू बाहेर यावा, या हेतूने निवडलेला असतो. शेतातले द्रावण पाण्यात मिसळून पानावर टिकावे म्हणून बनवलेले असते. ते अंग चाटणाऱ्या जनावराच्या त्वचेसाठी तयारच केलेले नाही. शेतीची कीटकनाशके 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि जनावरांची औषधे 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली, हा भेद केवळ कागदी नाही. दोन्हींच्या सुरक्षिततेची परीक्षा वेगवेगळ्या वापरासाठी घेतलेली असते. घरात ससा असेल तर आणखी सावध राहावे, कारण कुत्र्यामांजरांना सहसा सोसणारे फिप्रोनिल सशाच्या जिवावर बेतते.

गुरांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या अमित्राझचेही असेच आहे. पशुवैद्य ते कुत्र्यांसाठी वापरतात, पण लिटरभर पाण्यात काही मिलिलीटर इतके पातळ करून, आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू न देता. जास्त झाले तर कुत्रा सुस्त पडतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तातील साखर वाढते, त्यामुळे मधुमेही कुत्र्याला ते देत नाहीत. शिवाय अमित्राझ गोचिडांवर आणि खरजेच्या किड्यांवर चालते, पिसवांवर चालत नाही. पिसवांसाठी ती बाटली आणणाऱ्याचे थोडे पैसेही वायाच जातात.

आयव्हरमेक्टिनचे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडून दाखवतो. गुरांचे इंजेक्शन 1 टक्क्याचे असते, म्हणजे 1 मिलीमध्ये 10 मिलिग्रॅम औषध. गाईला ते 50 किलो वजनामागे 1 मिली, म्हणजे किलोमागे 200 मायक्रोग्रॅम या प्रमाणात देतात. संदेश सांगतो तसे 1 मिली जर 10 किलोच्या कुत्र्याला दिले, तर त्याला किलोमागे 1,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे गाईच्या पाचपट मात्रा मिळते. तीन किलोच्या पिल्लाला दिले तर ती सोळापटींवर जाते. हृदयात होणाऱ्या जंतांना अटकाव म्हणून कुत्र्यांना याच औषधाची जी गोळी देतात तिची मात्रा किलोमागे फक्त 6 मायक्रोग्रॅम आहे, हे शेजारी ठेवून पाहावे.

यात आनुवंशिकतेचाही भाग आहे. औषध मेंदूत शिरू न देणारे एक प्रथिन शरीरात असते आणि ते घडवणाऱ्या एमडीआर-1 या जनुकात काही कुत्र्यांमध्ये दोष असतो. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींत तो बराच आढळतो, काही जर्मन शेफर्डमध्येही आढळतो, आणि संकरातून तो कुठेही पोहोचू शकतो. अशा कुत्र्याला किलोमागे 100 मायक्रोग्रॅमच्या आसपासच विषबाधा सुरू होते: पाय लटपटतात, बुबुळे विस्फारतात, दिसेनासे होते, झटके येतात, शुद्ध हरपते. यावर उतारा म्हणून देता येईल असे नेमके औषध नाही. शरीरातून ते बाहेर पडेपर्यंत सलाईन, ऊब आणि गरज पडली तर श्वासाचा आधार देत दिवस काढावे लागतात. आयव्हरमेक्टिन वाईट औषध आहे असे मला सुचवायचे नाही. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि खरजेसाठी पशुवैद्य ते कुत्र्यांना विचारपूर्वक देतातही. पण पिसवांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे ज्या कामासाठी जीव धोक्यात घालायचा, ते कामही धड होत नाही.

मांजराच्या बाबतीत ‘कुत्र्याला चालते ते’ हा नियम लावणे म्हणजे तिच्या यकृताकडे दुर्लक्ष करणे आहे. पर्मेथ्रिनसारखी कीटकनाशके निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची एक महत्त्वाची रासायनिक वाट मांजरांमध्ये फार अपुरी असते. त्यामुळे कुत्र्याच्या थेंबांतील पर्मेथ्रिन मांजराच्या मानेवर पडले तर काही तासांत अंग थरथरू लागते, आकडी येते, आणि उपचार उशिरा झाले तर ती दगावते. नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत झोपलेल्या मांजरालाही हा त्रास होऊ शकतो. गुरांसाठी विकल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिनच्या बाटल्या याच कुळातल्या आहेत. मांजरासाठी ‘मांजर’ असे स्पष्ट लिहिलेलेच औषध घ्यावे, आणि तेही तिच्या वजनाचे.

काही संदेशांत शेवटी लसूण, फिनेल आणि रॉकेल यांचीही शिफारस असते. लसूण आणि कांदा कुत्र्यामांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि फिनेल मांजराला विषारी आहे. याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

चिठ्ठी ही युक्ती आहे काय? चिठ्ठीत काय असावे ते 1945 च्या औषध नियमांत लिहिलेले आहे: ती लेखी असावी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख असावी, जनावराच्या औषधासाठी मालकाचे नाव-पत्ता असावा, औषधाचे एकूण प्रमाण आणि मात्रा असावी. तिचा वैद्यकीय अर्थही आहे. नव्या पिढीच्या चघळायच्या गोळ्या, म्हणजे अफॉक्सोलानेर, फ्लुरालानेर, सारोलानेर या घटकांच्या, बहुतेक कुत्र्यांना उत्तम सोसतात. तरी त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये इशारा दिला होता की काही जनावरांत थरथर, तोल जाणे आणि झटके दिसले आहेत. पूर्वी झटके आलेल्या कुत्र्याला ती गोळी द्यायची की दुसरे काही, हा निर्णय दुकानाच्या काउंटरवर होऊ शकत नाही. गोचिडांतून होणाऱ्या एर्लिशिया आणि बबेशिया या आजारांची सुरुवात नुसत्या मरगळीने आणि तापाने होऊ शकते, आणि डॉक्टर हिरड्यांचा फिकटपणा पाहतात तो याच संशयाने. ती तपासणी वाचवलेल्या घराला पुढे रक्ताच्या तपासण्या, चार आठवड्यांचे औषध आणि कधी रक्त चढवण्याचा खर्च येतो.

उलट, चिठ्ठी हेच पैसे वाचवण्याचे आपल्या हातातले साधन आहे. पुडी नको, चिठ्ठीवर घटकाचे नाव आणि मात्रा लिहून द्या, अशी विनंती नम्रपणे पण ठामपणे करावी. फिप्रोनिलचे फवारे आणि थेंब अनेक कंपन्यांचे मिळतात, त्यांच्या किमतींत बराच फरक असतो. एर्लिशियासाठी लिहून दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन हे माणसांचेच जुने, स्वस्त औषध आहे आणि चिठ्ठी असेल तर ते औषधाच्या साध्या दुकानात मिळते (मांजराला ही गोळी कोरडी देऊ नये, मागून पाणी पाजावे, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते). महिन्याची गोळी आणि 12 आठवडे पुरणारी गोळी यांची तुलना करताना दुसरीची किंमत तीनने भागून पाहावी. मोठ्या वजनाची गोळी आणून तुकडे करणे मात्र टाळावे. या गोळ्या तोडू नयेत असे उत्पादकच सांगतात, कारण प्रत्येक तुकड्यात औषध सारखे असेल याची खात्री नसते. तपासणी शुल्क परवडत नसेल तर शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, आणि मुंबईकर ज्याला अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते परळचे रुग्णालय आहे.

राहिले शेवटचे विधान, आठवड्यात पिसवा परत दिसल्या म्हणजे फसवणूक झाली हे. अंगावर दिसणाऱ्या पिसवा घरातल्या एकूण पिसवांच्या साधारण 5 टक्के असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोश होऊन गादीच्या शिवणीत, सोफ्याखाली, फरशीच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते आणि कोशातली पिसू अनुकूल वेळेची वाट पाहत काही महिने दडून राहते. औषध घातल्यावर नव्या पिसवा दिसतात त्या बहुधा या कोशांतून निघालेल्या असतात, आणि औषध चालू असेल तर अंगावर चढल्यावर मरतात. म्हणून घरातल्या सर्व कुत्र्यामांजरांना एकाच वेळी औषध द्यावे, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत, कोपरे आणि फटी रोज झाडाव्यात, आणि हे निदान तीन महिने न चुकवता करावे. औषध एकदाच घालून थांबणारी घरेच पुन्हा पुन्हा खर्च करतात.

हा संदेश वाचून कोणी आधीच गुरांचे औषध दिले असेल तर लपवू नये. बाटली सोबत घ्यावी, किती मिली आणि किती वाजता दिले ते कागदावर लिहावे, घरी उलटी करवू नये आणि लगेच पशुवैद्य गाठावा. औषध अंगावर लावले असेल आणि जनावर शुद्धीत असेल तर निघण्यापूर्वी हातमोजे घालून भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने ते धुवावे, टॉवेलमध्ये गुंडाळावे आणि वाटेत चाटू देऊ नये.