म्हातारे माळ्यावर, जनावरे दावणीला? पुराच्या एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘नदीकाठच्या ज्येष्ठांसाठी अनुभवी सूचना’ नावाचा एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव नसते, तारीखही नसते. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत घर सोडू नये; वृद्धांना हलवण्यापेक्षा माळ्यावर बसवावे, कारण कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचे दरवाजे उघडले की एका रात्रीत पूर ओसरतो; घर सोडावेच लागले तर कुत्री आणि गुरे बांधून ठेवून निघावे, कारण मुक्या प्राण्यांना पाण्याची चाहूल आधीच लागते आणि ते आपला जीव वाचवतात; वीज गेली की इन्सुलिन विषारी होते, म्हणून ते फेकून द्यावे; साप चावल्यास वरच्या बाजूला दोरी घट्ट आवळावी; आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मराठी कोणालाच कळत नाही, म्हणून तिकडे फोन करण्यात वेळ घालवू नये, असा त्याचा गोषवारा आहे. दूधगंगेच्या काठी एकटी राहणारी माझी आत्या हा संदेश प्रमाण मानून ‘माझ्यासाठी माळा आहे, मोत्यासाठी साखळी आहे, तुम्ही उगीच धावपळ करू नका’ असे सांगू लागली, तेव्हा त्याला उत्तर देणे भाग पडले.

सर्वांत संतापजनक सल्ला जनावरे बांधून ठेवण्याचा आहे. प्राण्यांना आवाज आणि वास आपल्यापेक्षा आधी जाणवतो, एवढे मान्य करू. पण चाहूल लागलेल्या आणि साखळीने खांबाला जखडलेल्या कुत्र्याने पुढे नेमके काय करायचे, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. पोहता येणारी म्हैससुद्धा दावे सुटल्याशिवाय पोहू शकत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या पूरविषयक सूचनांमध्ये जनावरांच्या सुरक्षिततेसाठी त्यांची दावी सोडावीत, असे स्पष्ट सांगितले आहे आणि ही सूचना कोणालाही वाचायला मिळते. गुरे आधीच उंचावर हलवणे उत्तम; ते जमलेच नाही तर निदान दावे कापून निघावे. उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हाही आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात दहा ते पन्नास रुपये दंड सांगितलेला असल्याने कायद्याच्या धाकाने कोणी सुधारेल, अशी आशा मी धरत नाही.

हा प्रश्न केवळ भूतदयेचाही नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाचे कुत्रे मागे राहिले, तर ते माणूस एक तर घर सोडत नाही किंवा सोडले तरी भाकरी घालायच्या निमित्ताने गुडघाभर पाण्यातून परत जाते. अमेरिकेत २००५ च्या कतरिना चक्रीवादळात कित्येकांनी पाळीव प्राण्यांना सोडावे लागेल म्हणूनच घर सोडायला नकार दिला होता. त्या अनुभवानंतर २००६ मध्ये तिथे कायदा झाला आणि स्थलांतराच्या सरकारी आराखड्यांत पाळीव प्राण्यांचा विचार करणे बंधनकारक ठरले. आपल्याकडे काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांचे निवारा केंद्र, बहुतेक वेळा शाळेत उघडते आणि वर्गखोलीत कुत्र्याला घेतील याची खात्री देता येत नाही, ही संदेशाच्या मागची भीती खरी आहे. पण त्यावरचा उपाय साखळी नव्हे. उंचावरच्या गावातल्या कोणत्या नातलगाच्या गोठ्यात किंवा पडवीत कुत्रे राहील, हे जून महिन्यातच विचारून ठेवावे. रेबीजच्या लशीचे कार्ड, गळपट्टा, दोरी आणि चार दिवसांचे खाणे एका पिशवीत भरून ठेवावे. मांजराला झाकणाच्या टोपलीत बसण्याची सवय आधीपासून लावावी, कारण घाबरलेले मांजर ऐनवेळी कोणाच्याही हाती लागत नाही.

‘पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबा’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने आपल्या भागातला पूर पाहिलेला नसावा. इथे घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी पूल जातो. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे खालच्या पातळीचे पूल आणि बंधारे नदीने पात्र सोडण्याच्या सुमारास पाण्याखाली जातात आणि त्यानंतर दवाखान्याकडे जाणारा जवळचा रस्ता तुटतो. आपल्याकडे ऊन पडलेले असले तरी कोयना आणि महाबळेश्वरच्या पाणलोटात पाऊस सुरू असेल, तर कृष्णा फुगत राहते, त्यामुळे अंगणातले आकाश पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. तरुण माणूस चिखलातून तासाभरात बाहेर पडेल. काठी टेकत चालणाऱ्या आजीला आणि तिच्या कुत्र्याला गाडी लागते आणि गाडीला पूल लागतो. म्हणून ज्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यांनी सर्वांत आधी निघायला हवे. संदेशाने हा क्रम नेमका उलटा लावला आहे.

अलमट्टीच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या धरणातून पाच लाख क्युसेकपेक्षा जास्त विसर्ग सुरू होता, तरीही चिकोडी, अथणी आणि रायबाग तालुक्यांतील नदीकाठची गावे अनेक दिवस पाण्यात होती आणि पुणे-बंगळूर महामार्गही काही दिवस बंद होता. माळ्यावर एक रात्र काढण्याची तयारी केलेल्या वृद्धाला तिथे पिण्याचे पाणी, शौचाची सोय आणि औषधे यांच्याविना आठवडा काढावा लागू शकतो. जुन्या मातीच्या भिंती पाण्यात भिजल्यावर माळ्यासकट खाली येतात, हे त्या वर्षी गावोगावी दिसले.

इन्सुलिनविषयीची सूचना मात्र थेट जिवावर बेतणारी आहे. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, एवढा सत्याचा अंश त्यात आहे. वापरात असलेली बाटली मात्र बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे घरातल्या सामान्य तापमानात टिकते. नक्की मुदत बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेली असते. ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे मडके आणि सावलीची जागा एवढ्यावर वीज नसतानाचे दिवस निभावता येतात. बर्फात थेट ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उष्णतेने त्याची ताकद घटते, त्याचे विष होत नाही, आणि ते फेकून देऊन उपाशीपोटी माळ्यावर बसलेल्या मधुमेही माणसाची अवस्था काय होईल, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे. वृद्धांच्या पिशवीत किमान दोन आठवड्यांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, कवळी, कानाच्या यंत्राचे सेल आणि नातलगांचे क्रमांक लिहिलेला कागद असावा. मोबाईल बंद पडला की पाठ असलेला एकही क्रमांक आठवत नाही, असे अनेकांचे होते.

सर्पदंशाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये, चावलेला अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराची, शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी, एवढी भर मी घालतो.

राहिला ११२ चा मुद्दा. फोन उचलणारा कन्नडमध्ये सुरुवात करतो आणि पुराच्या सूचना बऱ्याचदा कन्नडमध्येच येतात, ही इथल्या वृद्धांची तक्रार रास्त आहे, आणि ग्रामपंचायतीने दवंडी मराठीतही द्यावी, हा आग्रह धरायलाच हवा. पण निपाणी किंवा चिकोडीच्या बाजारात जन्मभर कन्नडमध्ये घासाघीस करणाऱ्या माणसाला गाव, तालुका, घरातली माणसे आणि आजाऱ्यांची संख्या सांगता येत नाही, हे मला पटत नाही. ११२ सोबत रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जनावरांच्या उपचारांसाठी १९६२ हे क्रमांकही ठळक अक्षरांत भिंतीवर लिहावेत, म्हणजे चष्मा सापडला नाही तरी ते वाचता येतील.