ग्रामसंघाच्या विषयपत्रिकेवर वावर कधी येणार?

ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या महिला बचत गटांच्या संघाची, वार्षिक सभा झाली की आपण काय वाचून दाखवतो? गट किती, बचत किती, बँकेचं कर्ज किती, परतफेड किती टक्के. टाळ्या पडतात, पाहुणे कौतुक करून जातात. या आकड्यांचा मला अभिमान आहे. जिनं कधी बँकेची पायरी चढली नव्हती ती बाई मॅनेजरसमोर बसून कर्जाचं बोलते, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी पाहिलं आहे. पण आपल्या गटातल्या किती बायांच्या नावावर वावर, म्हणजे शेतजमीन आहे, हा आकडा आपल्या एकाही रजिस्टरात नाही.

विदर्भातली शेती कोणाच्या हातानं चालते, हे सांगायची गरज नाही. सरकी टोबायला बाई, निंदायला बाई, वेचायला तर बाईच. सातबारा मात्र सासऱ्याचा, नवऱ्याचा, नाहीतर दिराचा. नाव नसलं की पीककर्ज मिळत नाही. पीकविमा, अतिवृष्टीची मदत, पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये, हे सगळं ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जातं.

नवरा जिवंत असेपर्यंत हे खपून जातं. तो गेला, आणि आपल्या भागात तो कसा जातो हे वेगळं लिहायला नको, की खरी परीक्षा सुरू होते. तेरवी व्हायच्या आधीच घरात वावराचं बोलणं निघतं. "वावर कुठं पळून जाते काय वहिनी? पोरं मोठी झाली का पाहू." बोलणारा दीर वाईट असतोच असं नाही. पण त्या 'पाहू'मध्ये वर्षं निघून जातात. कधी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो, कधी हक्कसोडपत्र पुढं येतं, आणि ज्या बाईला दोन घास गिळवत नाहीत तिच्याकडून सही करून घेतली जाते. कायद्यानं विधवा पत्नी ही नवऱ्याच्या मिळकतीची पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांइतकीच. तिला हे त्या दिवसांत कोण सांगणार? गटाच्या बायाच सांगू शकतात. भेटायला त्याच पहिल्यांदा जातात.

आपले गट चालवणाऱ्या उमेद अभियानाच्या दशसूत्रीत, म्हणजे गटांच्या दहा नियमांत, बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, दफ्तर आहे. आरोग्य, शिक्षण, पंचायत राज, शासकीय योजना, उपजीविका आहे. जमीन नाही. शेतकरी बाईची उपजीविका जमिनीशिवाय कशी उभी राहणार, हे मला कोणी समजावून सांगावं. शेळ्या घ्या, शिवणयंत्र घ्या, पापड करा, सगळं चांगलंच आहे. पण तिचा मूळ धंदा शेती आहे आणि त्या धंद्यात तिला मजूर म्हणूनच धरलं जातं.

हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावानं जमीन केली. पुढं १९९२ मध्ये शासनानंही नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. इतकी वर्षं झाली, पण आपल्या किती गटांत याची माहिती दिली गेली? २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या वारसनोंदीसाठी 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. तीही आधी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, आणि मग एप्रिलपासून राज्यभर. अशा वेळी गटांनी यादी घेऊन पुढं व्हायला पाहिजे होतं.

आमच्या ग्रामसंघात हा विषय काढला तेव्हा एक वयस्क मावशी म्हणाल्या, "बाई, घराघरात भांडणं लागतीन. उद्या माणसं आपल्याले मीटिंगले येऊ देणार नाही." त्यांची भीती खोटी नाही. नाव लावायचा आग्रह धरला म्हणून माहेरी धाडलेल्या बाया मला माहीत आहेत. म्हणूनच हे एकट्या बाईवर सोडायचं नाही. तलाठ्याकडं ती एकटी गेली तर "उद्या या" ऐकून परत येते. बरोबर गटाच्या चार जणी असल्या की अर्ज घेतला जातो, पोच मिळते. हाच तर आपल्या संघटनेचा उपयोग! कर्ज तर बँकही देते.

सुरुवात नवरा हयात असलेल्या घरांपासून करा. लक्ष्मी मुक्तीचा, म्हणजे बायकोचं नाव लावायचा नवऱ्याचा अर्ज राजीखुशीनं होतो, त्यात कोणाचं काही हिसकावलं जात नाही. जिथं माणूस गेला आहे तिथं मृत्यूचा दाखला, सातबारा, ८-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती एका पिशवीत गोळा करा आणि तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज द्या. त्यानंतर हरकतीसाठी नोटीस निघते, १५ दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत त्या बाईजवळ कोणीतरी रोज जात राहा, कारण दबाव तेव्हाच येतो. मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर केला की नवीन सातबारा काढा आणि तिचं नाव तिला स्वतःला वाचून दाखवा.

आमच्या ग्रामसंघानं पुढच्या बैठकीपासून दफ्तरात एक रकाना वाढवायचं ठरवलं आहे: नावावर वावर आहे का, नसल्यास कोणाच्या नावावर. तुमच्या गावात असं काही सुरू असेल तर खाली लिहा. अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी मेसेज करा, मी पाठवते.