परदेशातून : नानांचं रिचार्ज, भावाचं फायबर

रावेरकडे आमच्या घरी सध्या जुन्या लँडलाइनवरून वाद चालू आहे. धाकटा भाऊ म्हणतो, तांब्याच्या तारेचा फोन बंद करून फायबर घेऊ. नेट येतं आणि लँडलाइनचे अनलिमिटेड कॉल फुकट. नाना म्हणतात, मोबाइलवर कॉल फुकटच आहेत, तीच गोष्ट दुसऱ्यांदा फुकट घेऊन करायचं काय?

इंग्लंडात राहून मला नानांचं जास्तच पटतं. इथे वर्षानुवर्षं ब्रॉडबँडबरोबर लँडलाइन गळ्यात पडत आली. संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे कॉल फुकट, पण भारतातला नंबर त्यात सहसा बसत नाही. शिवाय 18 नाहीतर 24 महिन्यांचा करार, आणि तो चालू असतानाच भाववाढ. 17 जानेवारी 2025 पासून ऑफकॉमने (इथली दूरसंचार नियामक संस्था) एवढंच केलं की नव्या करारात ती वाढ महागाईच्या टक्क्यांत न सांगता पौंड-पेन्समध्ये आधीच लिहून द्यावी लागते. त्यापेक्षा आपलं रिचार्ज बरं, नाही पटलं तर पुढच्या वेळी दुसरं. (28 दिवसांचा ‘महिना’ करून वर्षाला 13 रिचार्ज मारायला लावतात, ती चलाखी सोडून.)

पण नाना हिशेब सिमचा करतात, घराचा नाही. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाने, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. पुढच्याच महिन्यात एअरटेलचा असा 365 दिवसांचा पॅक 1849 रुपयांवर आला, म्हणजे महिन्याला साधारण 154. घरी सगळे म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना उत्तम. बऱ्हाणपूरचा केळीचा भाव विचारायला पुरतोच. पण ज्यांची पोरं परदेशात आहेत त्यांचं काय? मी घरी बोलतो ते व्हॉट्सअॅपवर, आणि त्याला तिकडच्या बाजूलाही डेटा लागतो. नानांनी नुसता कॉलचा पॅक मारला की नात दिसायची बंद! हा पॅक खरा स्वस्त पडतो तो वायफाय असलेल्या घरातच.

म्हणून माझं मत असं की नाना आणि आईच्या मोबाइलवर कॉलचा पॅक टाकावा आणि घरात फायबर घ्यावं. फक्त दोघांसाठी ते परवडणार नाही. भाऊ, वहिनी, शाळेतली पोरं आहेत म्हणून जमतं. जिओफायबरचा महिन्याला 399 रुपयांचा प्लॅन 2020 मध्ये आला तो 30 एमबीपीएसचा, कॉल त्यातच. मात्र मोबाइल रिचार्जच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, फायबरच्या या आकड्यात नसतो. 18 टक्के चढले की 399 चे 471 होतात. भाऊ हे सांगत नाही.

फायबरबरोबर येणाऱ्या लँडलाइनची किंमत मी जवळजवळ शून्य धरतो. आईला रिसीव्हर कानाला लावून बोलायची सवय आहे, तेवढाच उपयोग. उलट जुन्या फोनचा एक गुण त्यात नाही. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटरीची वीज मिळते, म्हणून घरातली लाइट गेली तरी तो फोन वाजतो. फायबरचा फोन राउटरबरोबरच झोपतो. ब्रिटनमध्येही जुनं जाळं जानेवारी 2027 पर्यंत बंद होणार आहे, पण जी माणसं लँडलाइनवरच अवलंबून आहेत त्यांना लाइट गेल्यावर किमान एक तास तरी आपत्कालीन फोन लावता येईल अशी सोय कंपन्यांनी करावी, असं ऑफकॉमने बजावलं आहे. आपल्याकडे ती सोय आपली आपणच करायची. मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा लाइट आधी जाते, आणि मला घरी फोन लावायचा असतो तो नेमका तेव्हाच.

भावाला मी सांगितलंय, फायबर खुशाल घे, राउटरला छोटा यूपीएस लाव, त्याचे पैसे मी देतो. आणि यंदाचा पावसाळा निघेपर्यंत जुना फोन सुरूच ठेव, त्याचं भाडं वाया गेलं तरी चालेल.